कौतिकबाईचं तूप

अमळनेरला बोरी नदीच्या अल्याड
तेलमिलच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढली मी.
हाताला कुठलाच वास उरला नाही,
म्हणजे सगळेच उरले.

सरकी पिळून निघते तेव्हा तेल
भिजल्या विटेसारखं काळपट लाल असतं, कडू.
मग कॉस्टिक. साबण तळाशी बसतो.
मग माती, मग गाळणी, मग बंद भांड्यात
हवा काढून घेऊन नुसती वाफ, तास न् तास.
शेवटी नळाला येतं ते फिकट, निर्मळ,
गाव विचारलं तर सांगता न येणारं.

त्यालाच पलीकडच्या शेडमध्ये
निकेलच्या संगतीनं हायड्रोजन पाजला
की ते फाल्गुनातही डब्यात गोठून बसायचं,
दाणेदार, तुपाची नक्कल करत.
कायद्यानं त्यात तिळाचं तेल घालावं लागे,
चोराच्या पायात घुंगरू बांधावं तसं.
कुणी तुपात मिसळलंच
तर आम्लाच्या नळीत गुलाबी वाजावं.

एकदा पौषात हनीफ खाटीक वाटीभर चरबी घेऊन आला.
बोकडाची. पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून,
मेणासारखी थिजलेली.
"बघा तर साहेब, हिचं काय येतं."
आयोडीन किती पिते ते काढलं.
आकडा तुपाच्या शेजारी जाऊन बसला,
तेलं राहिली लांब, दुसऱ्या पानावर.
या दोघांना एका पंगतीत
अमळनेरात कुणी बसवलं नसतं.
मी वहीत बसवलं आणि वही मिटली.

मग कौतिकबाई. मारवडची.
तीन डबे म्हशीचं तूप, पुखराजशेठच्या दुकानासाठी.
लोणी विड्याचं पान टाकून कढवलेलं,
झाकण उघडताच खोलीभर बेरीचा वास.
तिळाची परीक्षा: काही नाही.
सरकीची परीक्षा: गंधकाचं औषध घातलं,
नळी उकळत्या मिठाच्या पाण्यात ठेवली,
आणि अर्ध्या तासात
तूप लाजल्यासारखं लाल झालं.

मी सही केली.
सही करायला एक मिनिटही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती दारात. पदर कमरेला,
चप्पल बाहेर काढलेली, जणू हे देऊळ.
"भाऊ, मी काईच नही टाकं यामा."
मी आकडे सांगू लागलो. तिनं ऐकून घेतले.
मग म्हणाली,
"मंग मनी म्हैस लबाडी करस का?"

हसू आलं मला, आणि तिथंच अडकलं.
विचारलं, खायला काय घालता?
"सरकी. ढेप. आनी काय घालू?"

कपाटातलं जाड पुस्तक काढलं.
त्या परीक्षेच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं:
सरकी खाणाऱ्या जनावराच्या तुपातही
हा रंग उतरू शकतो.
एकवीस वर्षं ते पान माझ्या बोटाखालून जात होतं.

नवा कागद लिहिला. बाकीचे सगळे आकडे
तुपाचेच होते, कालही होते.
शेठनं तो वाचला नाही. म्हणाला,
लाल ते लाल.
डबे पाऊण भावात ठेवून घेतले,
आणि दिवाळीचे लाडू, मला कळलं,
त्याच तुपातले.

रजिस्टरात एक रकाना असतो:
प्राणिज की वनस्पतिज. एकावर खूण करायची.
त्या ओळीवर पेन बराच वेळ थांबलं.
वखारीतलं बी, घाण्यातली ढेप,
म्हशीचं पोट, आचळ, रवी, चूल,
यांत नेमकी कुठल्या दारापाशी
सरकीनं आपलं नाव बदललं?

पुढं केव्हातरी मारवडला गेलो होतो.
गोठ्यात म्हैस रवंथ करत उभी, कानानं माशा हाकत.
पलीकडं ढेपेचं रिकामं पोतं वाळत घातलेलं.
त्यावर शिक्का आमच्याच मिलचा,
जरा पुसट झालेला.